कॅनडासाठी रान विकू का?

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे ३५ वर्षांचे, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी प्रोग्रॅमर. पत्नी ३० वर्षांची, बीएस्सी नर्सिंग झालेली, सहा वर्षं स्टाफ नर्स. मुलगी पाच वर्षांची. दोघांचा मिळून पगार ९० हजार, शहापुरातल्या फ्लॅटचं नऊ लाखांचं कर्ज बाकी. एक्स्प्रेस एन्ट्रीतून (कॅनडा सरकारची गुणांवर माणसं निवडायची योजना) कॅनडाला कायमचं जायचं म्हणतात. एजंटाने ३० लाखांची सोय करायला सांगितलंय. वडिलांच्या नावावर नंदगडच्या बाजूला दोन एकर भाताचं रान आहे आणि ४० लाखांचं गिऱ्हाईक दारात उभं आहे. ‘रान विकू, की फ्लॅटवर टॉप-अप कर्ज काढून पैसे दाखवू?’

टॉप-अपचं आधी निकालात काढू. कॅनडा सरकारला दाखवायचा पैसा कर्जाऊ चालत नाही, घर तारण ठेवून काढलेलाही नाही. बँकेने द्यायच्या पत्रात खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती आणि तुमच्या डोक्यावर कर्ज किती, हे सगळं येतं. फ्लॅटचं जुनं कर्ज त्यात दिसलं तरी बिघडत नाही. पण खात्यात एकदम दहा लाख आले आणि त्याच महिन्यात कर्जही तेवढंच वाढलं, तर ते वाचायला कुणी हुशार लागत नाही.

‘दाखवायला पैसे आम्ही उभे करतो, महिन्याला दोन टक्के’ असं एजंट म्हणाला, हे तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. दुसरं, सहा लाखांत नोकरीचं पत्र आणि त्याचे ५० गुण मिळवून देतो, असंही तो म्हणतो. हे गुण २५ मार्च २०२५ पासून रद्दच झालेत. तो तुम्हाला गेल्या वर्षीचं कॅलेंडर विकतोय. फी घेऊन या कामात सल्ला द्यायचा तर तिथला वकील, क्युबेकचा नोटरी किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो. परवाना क्रमांक मागा आणि त्यांच्या जाहीर यादीत स्वतः बघा. मला वाटतं, क्रमांक मागितल्यावर चहा लवकर संपेल.

आता आकडा. ३० लाख कुठून आले मला कळलं नाही. जुलै २०२५ च्या तक्त्यानुसार तिघांच्या कुटुंबाला २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. (बायको-मुलगी नंतर येणार असल्या तरी माणसं तीनच धरतात.) डॉलर ६५ रुपयांना धरला तर १५ लाख २० हजारांच्या आसपास. दोन मोठे आणि एक मूल यांची सरकारी फी एप्रिल २०२४ च्या दराने ३,३१० डॉलर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आत. दोन्ही दर अधूनमधून बदलतात, भरण्याआधी पुन्हा पाहा.

तुमच्याकडे राष्ट्रीयीकृत बँकेत सहा लाखांची ठेव आहे. सौहार्द सोसायटीत (म्हणजे सहकारी पतसंस्थेत) साडेचार लाख, भिशीत दीड लाख. वडील स्वतःची पाच लाखांची ठेव द्यायला तयार आहेत. बेरीज सतरा लाख. अडचण एवढीच, की यातले सहा लाख सोडले तर बाकीचे कागदावर तुमचे दिसतच नाहीत.

भिशीची वही मी पाहिलेली आहे, तुमची नसेल, पण सगळ्या सारख्याच: शंभर पानी, कोपरे दुमडलेले, नावापुढे निळ्या पेनाची टिकली. आपल्याकडे तिच्यावर घरं उभी राहिली, पण व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी ती वही म्हणजे रद्दी. उचल घ्या आणि बँकेत भरा. सोसायटीचंही तेच. शिवाय पतसंस्थांच्या ठेवींना पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं, ते बँकांना असतं. तेव्हा कॅनडा राहू दे, एरवीही एवढी रक्कम तिथे ठेवायला मी सांगितलं नसतं. वडिलांची रक्कम बक्षीसपत्र करून घ्या. बापाने मुलाला दिलेल्या बक्षिसावर आयकर नाही. पण ते खरोखर बक्षीस असलं पाहिजे, ‘नंतर परत करतो’ असं नाही. सगळं एकदा बँकेत आलं, की सहा महिने हात लावायचा नाही. तेवढ्या काळात पगारातून महिन्याला पंचवीस हजार वेगळे पडले तर फीचा बराचसा भाग उभा राहतो. तिकिटं आणि तिथलं पहिलं घरभाडं दोघांच्या पीएफवर ठेवा. कायमचं परदेशी जाणाऱ्याला तो पूर्ण काढता येतो.

मग रानाचं काय? इथे मला जरा थांबायचंय.

तुम्ही कॅनडात स्थायिक झालात की परकीय चलन कायद्याने अनिवासी ठरता. अनिवासी भारतीयाला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते आणि पुढे इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकताही येते. आलेला पैसा अनिवासी खात्यातून, कर भरून, वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो. म्हणजे न विकता गेलात तर विकायचा रस्ता उघडा राहतो. विकून गेलात आणि दोन हिवाळ्यांनी मन पालटलं, तर तिथे बसून गुंठाभर रानही परत घेता येणार नाही. एकच दार असं आहे, जे एका बाजूनेच उघडतं.

‘गेल्यावर विकलं तर टॅक्स बसेल’ असंही कुणीतरी तुमच्या कानात घातलंय. बेळगाव शहराच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतलं रान असतं तर भांडवली नफ्याचा विचार करावा लागला असता. नंदगडची जमीन ग्रामीण शेतजमिनीत बसते, तिच्यावर तो करच नाही. आणि ती वडिलांची आहे, तेव्हा विकायची झाली तर विकणारे ते. वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्याही लागतील. कर्नाटकात मुलींना हा हक्क १९९४ पासून आहे. घाईत विकताना नेमकी ही एक सही राहते आणि पुढे वीस वर्षं दिवाळीला कुणी कुणाकडे जात नाही.

शिवाय वडिलांची ठेव तुम्ही घेणार. मग त्यांच्याकडे उरतं काय? भात आणि रान. ते तरी राहू द्या.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर एक ऐका: मालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. बहुतेकांना हे माहीत नसतं, नोटीस आली की कळतं.

पैसे पाठवताना दोघांच्या नावाने, दोघांच्या खात्यातून पाठवा. एका आर्थिक वर्षात एका माणसाच्या दहा लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर) कापते. पंधरा लाख तुम्ही एकट्याने पाठवलेत तर लाखभर रुपये विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकतात. दोघांत वाटलेत तर काहीच नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. अर्ज तुमच्या नावाने का? पत्नीच्या नावाने करा. वयाचे गुण ३५ ला ७०, ३० ला ९५. पंचवीस गुण इथेच मिळाले. त्यात २०२३ पासून आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, सीएनसीवाल्याला तिथे जागा नाही. मात्र गेल्या गेल्या तिला नर्सची नोकरी मिळेल असं धरू नका. प्रांताची नोंदणी आणि एनसीएलईएक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा आहे. तोवर तुमचा पगार लागेल, म्हणून वर्षभराचं बजेट एका पगाराचं करा.

आणि सगळ्यात स्वस्त गुंतवणूक इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत सहा आले तर अर्ज बसतो, पण ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हीत सात आले तर मुख्य अर्जदाराला भाषेचेच ५२ गुण जास्त, वर शिक्षण-अनुभवाला जोडून मिळणारे वेगळे. वीस हजारांच्या आतबाहेर फी. ‘आम्ही दोघं मराठी माध्यमाची’ असं तुम्ही लाजून लिहिलंय. मराठी माध्यमवाल्यांचं लेखन बहुधा चांगलं निघतं, घोडं अडतं ऐकण्यात. तीन महिने रोज तासभर कानाला लावा.

कागदांत आणखी दोन गोष्टी. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बदललं, त्यामुळे एकाच घरात पत्नीच्या पासपोर्टवर बेळगाव आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर बेळगावी असं निघतं. अर्जात तसा खुलासा जोडा. कन्नडमधले दाखले इंग्रजीत भाषांतर करून, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह द्यावे लागतात. पत्नीच्या गुणपत्रिकांचे उतारे (ट्रान्सक्रिप्ट) बेंगळुरूच्या विद्यापीठातून यायचे असतील, तर ते आजच मागवा. पैशापेक्षा हेच उशिरा येतं.

रानाच्या गिऱ्हाइकाला सांगा, भात निघेपर्यंत थांब. तोवर पत्नीच्या इंग्रजी परीक्षेचा निकाल आलेला असेल. गुण किती झाले ते मला कळवा, मग फ्लॅट ठेवायचा की काढायचा ते बघू. सोसायटीची ठेव मुदतीआधी मोडली म्हणून थोडं व्याज जाईल. जाऊ दे.