पेशंटचे बोलणे सोसणे हा ड्युटीचा भाग आहे का?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात पुरुषांच्या अस्थिरोग वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर दाखल असलेले एक चाळिशीतले गृहस्थ ‘सिस्टर, तुमचा हात लागला की दुखणंच पळतंय’ असे म्हणतात आणि नाईट ड्युटीला लग्नाविषयी विचारतात. परवा स्पंजिंगच्या (ओल्या कापडाने अंग पुसण्याच्या) वेळी ते माझ्या शरीराविषयी जे बोलले, ते लिहायलाही संकोच वाटतो. शेजारच्या खाटांवरचे लोक हसले. डॉक्टरांच्या राउंडला मात्र हेच गृहस्थ अगदी सभ्य असतात. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, ‘पेशंट आहे, मनावर घेऊ नको.’ मी स्पष्ट बोलले तर ती सेवेतली कसूर ठरेल का? आता ते मोबाइल नंबरही मागत आहेत.
— एक परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : कसूर ठरणार नाही. शुश्रूषा नाकारणे वेगळे आणि शुश्रूषा करताना गैरवर्तन थांबवणे वेगळे.

शाहूवाडी-राधानगरीकडची एखादी आजी ‘लगीन झालंय का गं बाई?’ असे विचारते तेव्हा त्यात आपुलकी असते. तोच प्रश्न वॉर्ड झोपलेला असताना एखादा पुरुष पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा तो साधा राहत नाही, तरी तिथवर विषय तोडून कामाकडे वळणे पुरेसे असते. शरीराविषयीचा शेरा मात्र ऐकून न ऐकल्यासारखा करू नये, कारण आपल्या गप्प राहण्याचा सोयीस्कर अर्थ लावणारे लोक असतात.

अशा वेळी रुग्ण शुद्धीवर आहे का, हे आधी पाहावे लागते. भुलीचा अंमल, रक्तातले सोडियम घटणे, जंतुसंसर्ग, मेंदूला मार, स्मृतिभ्रंश किंवा रोजची दारू अचानक बंद होणे यांमुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटू शकतो, आणि मग ते बोलणे लक्षण समजून डॉक्टरांना तातडीने कळवायचे असते. राउंडला सभ्य राहणाऱ्या आपल्या रुग्णाला मात्र कोणासमोर काय बोलावे याचे पुरेसे भान दिसते.

पुन्हा तसे घडल्यास हातातले काम क्षणभर थांबवून, न हसता आणि शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘माझ्याशी असे बोलायचे नाही. मी ड्रेसिंग करायला आले आहे’ एवढेच म्हणावे. रागाने लांबलचक बोलल्यास त्यांना वाद घालायला वाव मिळतो. यापुढे स्पंजिंगसाठी ब्रदर (पुरुष परिचारक) किंवा वॉर्डबॉय द्यावा आणि ड्रेसिंगला दुसरे कोणी सोबत असावे, अशी मागणी करा. हात लावण्याचा प्रयत्न झाला, तर रुग्णाला सुरक्षित स्थितीत ठेवून बाजूला व्हा आणि मदतीला हाक मारा.

त्यानंतरची नोंद फार महत्त्वाची आहे. ‘पेशंटचे वर्तन योग्य नाही’ या मोघम वाक्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही. संकोच वाटला तरी त्यांचेच शब्द, वेळ आणि तेथे कोण होते हे लिहा, आणि ड्युटी संपून ओव्हर (कामाचा ताबा) देताना पुढच्या सिस्टरलाही सांगा.

इन्चार्ज सिस्टरांचा सल्ला जुन्या सवयीतून आला असावा, पण तो कायद्याला धरून नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात रुग्णालये स्पष्टपणे येतात, आणि तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असावी लागते. एरवी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणपणे घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यायची असते. आपली इच्छा असल्यास पोलिसांत तक्रार करण्यासाठी रुग्णालयाने साहाय्य करायचे असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 नुसार लैंगिक शेरेबाजीला 1 वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तूर्त मेट्रनच्या (परिचारिकांच्या प्रमुखांच्या) नावे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

मोबाइल नंबर देऊ नका. डिस्चार्जनंतर काही विचारायचे असल्यास वॉर्डचा फोन आहे, असे सांगा. त्यांनी तुमचा नंबर दुसरीकडून मिळवून संदेश पाठवलेच, तर रागाच्या भरात ते पुसू नका. तक्रारीला ते जोडता येतील.