फीडरच्या तारेला जोड देण्यापूर्वी

फीडरची, म्हणजे मुख्य पुरवठ्यापासून पुढच्या पॅनेलपर्यंत वीज नेणारी, तार थोडी आखूड पडली म्हणून ती पूर्ण बदलावीच लागते, असे नाही. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडनुसार (वीजजोडणीची नियमावली) फीडरला जोड देता येतो. मात्र तो कुठे आणि कशाने दिला, यावर सारे अवलंबून असते. कलम 300.13 प्रमाणे कंड्युटच्या (तारा ज्यातून नेतात त्या नळीच्या) आत जोड चालत नाही, आणि कलम 314.29 प्रमाणे तो ज्या बॉक्समध्ये असेल तो बॉक्स भिंत न फोडता उघडता आला पाहिजे. पॅनेलच्या पेटीत जोड द्यायचा असल्यास कलम 312.8 पाहावे: तारा, जोड आणि टॅप (मूळ तारेतून काढलेल्या फांद्या) मिळून त्या जागेचा आडवा छेद (क्रॉस-सेक्शन) कुठेही 75 टक्क्यांहून अधिक भरता कामा नये.

माझा खरा आग्रह कनेक्टरबद्दल आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट भिडवू नका, कारण ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते, शिवाय त्यावर लगेच चढणारा ऑक्साइडचा थर वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे जोड तापू लागतो आणि तापल्याने आणखी सैल होतो. दोन्ही धातूंसाठी प्रमाणित असलेलाच कनेक्टर घ्या, ॲल्युमिनियमची तार ब्रशने घासून लगेच ऑक्साइडरोधक लेप लावा, आणि स्क्रू अंदाजाने न आवळता निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरावीक जोरावर), टॉर्क पान्यानेच आवळा. जोडावरचे इन्सुलेशन मूळ तारेच्या तोडीचे हवे. हे सर्व करण्याआधी पुरवठा बंद करून स्विचला कुलूप लावा आणि तारेत वीज नसल्याचे मीटरने स्वतः तपासा. दुसऱ्याच्या सांगण्यावर हात घालू नका.