आईच्या फुफ्फुसातल्या जुन्या गुठळ्या: ऑपरेशन, फुगा की गोळ्या?

प्रश्न: आईला (वय 56) दीड वर्षापूर्वी फुफ्फुसात गुठळ्या झाल्या. ब्लड थिनर चालू आहे तरी एक जिना चढली की दम लागतो, इकोमध्ये फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर वाढलेलं आलंय. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे गोळ्यांवर भागेल म्हणतात. आम्ही पार गोंधळलोय.

उत्तर: गोंधळ होणारच, कारण दोघंही वेगवेगळ्या पेशंटसाठी बरोबर असू शकतात. तीन महिने नीट ब्लड थिनर घेऊनही ज्या गुठळ्या विरघळत नाहीत त्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून कडक होतात, मग ब्लड थिनर फक्त नवीन गुठळी थांबवतो, जुनी काढत नाही. अशा जुन्या गुठळ्यांमुळे फुफ्फुसातलं प्रेशर वाढतं, त्या आजाराला सीटीईपीएच म्हणतात. आधी व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) झालाय का बघा, तो नॉर्मल असेल तर हा आजार जवळपास नाहीच. नंतर हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन (बारीक नळी आत घालून प्रेशर थेट मोजणं), नुसत्या इकोवर निर्णय घेऊ नका.

गुठळ्या सर्जनच्या हाताला लागतील अशा जागी असतील तर माझं मत सरळ ऑपरेशनच. छाती उघडून, शरीर साधारण 20 डिग्रीपर्यंत थंड करून, एका वेळी जास्तीत जास्त 20 मिनिटं रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात आणि सर्जन आतलं अस्तर गुठळीसकट सोलून काढतो, फांद्या फुटलेल्या मुळीसारखा तो तुकडा बाहेर येतो. ऐकून धडकी भरते हे मान्य, पण आजार मुळापासून जाण्याची सगळ्यात मोठी संधी यातच आहे. मात्र हे नेहमी करणारी टीमच हवी.

गुठळ्या रक्तवाहिन्यांच्या अगदी बारीक फांद्यांत असतील तर फुगा, म्हणजे नळीतून छोटा फुगा आत नेऊन, फुगवून वाट मोकळी करणं. जपानी डॉक्टरांनी ही पद्धत बरीच सुधारली. एका बैठकीत होत नाही, चार-सहा वेळा जावं लागतं, आणि खोकल्यातून रक्त येण्याचा धोका असतो. रिओसिग्वाट ही गोळी ऑपरेशन शक्यच नसेल किंवा ऑपरेशननंतरही प्रेशर राहिलं तर देतात, कधी फुग्याच्या आधीही. दम कमी होतो पण गुठळी जागेवरच राहते. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा नायट्रेट (हृदयामुळे छातीत दुखतं त्यावरचं औषध) चालू असेल तर ही अजिबात घ्यायची नाही, बीपी धोकादायक उतरतं.

म्हणून "ऑपरेशन होणार नाही" असं कोणी म्हणालं तर ते ही ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनने स्कॅन बघून म्हटलंय का, एवढं विचाराच. नसेल तर सगळ्या सीडी घेऊन मोठ्या सेंटरला दाखवा, त्याआधी "गोळ्यांवर भागेल" वर थांबू नका.

ब्लड थिनर यातलं काहीही केलं तरी जन्मभर. अँटिफॉस्फोलिपिडची (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीजची) टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर नव्या ब्लड थिनर गोळ्यांऐवजी वॉरफरिन हा जुना ब्लड थिनर लागतो आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी) वरचेवर करावी लागते.