नॅशनल खेळली नाही, तर कोच कशी होणार?

मुलगी कळव्याची, बारावी सायन्सची, चारशे मीटर धावणारी. जिल्ह्याच्या पुढे निवड झाली नव्हती. तिला स्पोर्ट्स कोचिंग शिकायचं होतं, म्हणून आईबरोबर आमच्याकडे सल्ल्याला आली होती. आई म्हणाल्या, "अहो, स्वतः नॅशनल न खेळलेल्या मुलीला कोच म्हणून कोण विचारणार? शेवटी शाळेत पीटीच घेणार ना?"

इथे दोन वाटांची गल्लत होते, आणि बहुतेक घरांत होतेच. बीपीएड हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा शिक्षकी अभ्यासक्रम, तो शाळेसाठी. कोचिंगसाठी बारावीनंतर इम्फाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाची चार वर्षांची बीएस्सी आहे, किंवा पदवीनंतर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) वर्षभराचा डिप्लोमा. डिप्लोमाला मात्र खेळल्याची प्रमाणपत्रं बघतात, तेव्हा आईंची शंका अगदीच निराधार नव्हती. कोणत्या पातळीची चालतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचायचं. जिल्ह्यावर भागेल असं धरून चालू नये.

पण खरी अडचण प्रमाणपत्राची नसते. दिवसभर मैदानावर राहायला मिळेल या समजुतीने आलेली मुलं शरीरक्रियाशास्त्र आणि बायोमेकॅनिक्सच्या (शरीराच्या हालचालींमागच्या यांत्रिकीच्या) पेपरांत अडकतात, आणि दुसऱ्याच्या प्रगतीत आपल्याला गोडी आहे का, हे तर आधी कुणी तपासतच नाही. म्हणून तिला काम दिलं: तिच्याच सरांच्या देखरेखीखाली, बारा वर्षांखालची बारा मुलं, आठवड्यातून तीन दिवस, रोज तासभर, चार आठवडे. प्रत्येक सत्र आदल्या रात्री वहीत लिहायचं. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक मुलाला विचारायचं, "शून्य ते दहात आज किती जड गेलं?" तो आकडा गुणिले मिनिटं, म्हणजे त्या दिवसाचा भार.

पहिल्या आठवड्यात दिवसाचा भार निघाला 8 × 60 = 480. तिने स्वतःचेच दोनशे मीटरचे रिपीट, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा धावणं, मुलांना लावले होते. त्यात सगळी एकाच रांगेत. एक धावणार, अकरा उभी. दुसऱ्या आठवड्यात हजेरी निम्मी.

मग वही बदलली. वॉर्म-अप 15 मिनिटं, स्टार्ट आणि वीस मीटर धावणं 20, रिले आणि पकडापकडी 20, कूल-डाउन 5. तिघातिघांचे चार गट, म्हणजे वाट बघणं कमी आणि दोन धावांत पुरेशी विश्रांती. भार 300 वर आला. तिसऱ्या आठवड्यात थोडा चढवला, चौथ्यात मुद्दाम उतरवला. हे चढ-उतार कुठल्या दिवशी का, याचं कारण तिने वहीत स्वतःहून लिहिलं होतं, आणि आमच्या मते पदकापेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

इम्फाळचा अर्ज ती भरते आहे. तिथे नाही लागलं, तर ठाण्यातच बीएस्सी करत आंतरविद्यापीठ निवडीसाठी धावायचं आणि मग एनआयएस. आईंचा कमाईचा प्रश्न उरलाच; सुरुवातीची काही वर्षं शाळा आणि क्लबांत तासांवर काम करावं लागेल, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.