आईची कंबर तीन वर्षं दुखतेय, ती गप्प गप्प असते. मोबाइलवरच्या कार्यक्रमाने नैराश्य टळेल का?

टळू शकतं, पण नुसतं ॲप टाकून देऊ नका. जर्मनीत कंबरदुखीच्या २९५ रुग्णांवरचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. नैराश्याची चाहूल लागलेल्यांना प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने ऑनलाइन धडे दिले. वर्षभरात नैराश्य जडण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. सोबत महत्त्वाची!

इथे सांगलीत माझ्या आईने तर तुळशीला पाणी घालणंही सोडलं होतं. रोज संध्याकाळी शेजारी बसून एकच धडा लावायचो. आधी तुळशीपर्यंत चालणं, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दुखणं आहेच, पण आता शेजारच्या काकूंना स्वतःहून हाक मारते.

डॉक्टरांची औषधं, व्यायाम चालूच ठेवा. जगणं नकोसं झालंय असं आई बोलली, तर लगेच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.