कामाच्या कुत्र्यांचं ब्रीडिंग: खर्च सुटतो का? वाचकांचे प्रश्न

राखणीची, मेंढ्या वळणारी, वास काढणारी कुत्री ठेवणाऱ्यांचे बरेच प्रश्न आलेत. त्यातले चार घेतोय.

प्रश्न: माझी जर्मन शेफर्ड मादी दीड वर्षाची आहे, आता परत माजावर आलीय, दिसायला एकदम मस्त. ओळखीतल्या नराशी लावू का?

आत्ता नको. दिसणं ठीक आहे हो, पण ती काम करते का, गर्दीत आवाजात बिथरते का, अनोळखी माणसासमोर डोकं शांत ठेवते का, हे कोणी नीट तपासलंय? ही जात 1899 मध्ये उभी राहिली तीच कामासाठी. दुसरं म्हणजे हिप आणि कोपराचे एक्स-रे. ओएफए या कुत्र्यांचे सांधे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं हिपचं पक्कं सर्टिफिकेट 24 महिन्यांच्या आधी मिळतच नाही, म्हणजे हा माज सोडायचाच. तिसरं, डीएमची (डिजनरेटिव्ह मायलोपॅथी, मज्जारज्जूचा आजार) डीएनए टेस्ट. या आजारात मागचे पाय हळूहळू लुळे पडतात, आणि तो दिसतो बहुतेक वेळा आठ वर्षांच्या पुढे, तोपर्यंत पिल्लांना पिल्लं झालेली असतात. नर मादी दोघंही कॅरियर (म्हणजे प्रत्येकाकडे एकच खराब जीन) असतील तर प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून खराब जीन मिळायची शक्यता 25 टक्के. एक कॅरियर आणि दुसरा क्लिअर (खराब जीन नसलेला) असेल तर मात्र अशी पिल्लं होत नाहीत, म्हणून टेस्ट दोघांचीही हवी, नरमालकाच्या शब्दावर जाऊ नका.

प्रश्न: सहा पिल्लं झाली तर हिशेबाने चांगला नफा दिसतो. मग लोक परवडत नाही का म्हणतात?

कारण तुमच्या हिशेबात फक्त जमेची बाजू आहे. खर्च पिल्लं व्हायच्या आधीपासून सुरू होतो. वरच्या सगळ्या टेस्ट, मग दोघांचीही ब्रुसेला टेस्ट (या रोगाने गर्भ पडतो आणि तो माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे ही टाळूच नका), योग्य दिवस कळावा म्हणून दर दोनतीन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी, नराची फी, तिथपर्यंतचा प्रवास, आणि एवढं करून मादी रिकामी राहू शकते. राहिलीच गाभण तर सोनोग्राफी, 55 दिवसांनंतर पिल्लं मोजायला एक्स-रे, आणि साधारण 63 व्या दिवसाच्या आसपास हाताशी डॉक्टर. पिल्लू अडकलं तर रात्री अपरात्री सिझेरियन. एकच पिल्लू असेल तर ते मोठं होतं आणि अडकायची भीती जास्त, म्हणजे खर्च सगळ्यात जास्त तेव्हाच जेव्हा विकायला जेमतेम एक पिल्लू आहे.

पुढे पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पेटीत 30 डिग्रीच्या आसपास ऊब लागते. आईला दूध नसेल तर दर दोनतीन तासांनी तुम्हीच पाजायचं, रात्रीसुद्धा, मग नोकरी कशी करणार ते आधी ठरवा. तिसऱ्या चौथ्या आठवड्यात आई नेहमीच्या दुप्पट तिप्पट खाते. दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, मग लस. आणि एक कळकळीने सांगतो, गाभणपणात आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका, त्याने शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते आणि व्यायल्यावर कॅल्शियम एकदम घसरून झटके येऊ शकतात, त्यात आई दगावूही शकते.

तेव्हा पैसे सुटतील म्हणून यात पडू नका. तुम्हाला स्वतःला कामाला पुढचा कुत्रा हवा असेल तरच पडा.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं सहा आठवड्यांचंच पिल्लू द्या, लवकर लळा लागतो.

आठ आठवड्यांआधी नाही. चावताना किती जोर लावायचा हे ते आईकडून, भावंडांकडून शिकत असतं. त्या दिवसांत वेगवेगळी जमीन, आवाज, माणसं दाखवणं तुमचंच काम आहे.

प्रश्न: मी दिलेला नर आता दीड वर्षाचा आहे, मेंढ्यांना घाबरतो. मालक परत घ्या म्हणतोय. ही माझी जबाबदारी आहे का?

हो, तुमचीच. एका वेळच्या सगळ्या पिल्लांना काम जमत नाही, हे पिल्लं जन्मायच्या आधीच धरून चालायचं असतं. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो, आणि या सगळ्या काळात तो कधीही तुमच्या दारात परत येऊ शकतो, त्यासाठी जागा आणि खाणं तयार हवं. पुढच्या वेळी हे लिहूनच द्या, की कुत्रा दुसऱ्या कोणाला न देता तुमच्याकडेच आणायचा. आत्ता त्याला घेऊन या, डॉक्टरला दाखवा, कारण कधी कधी भीती वाटते ती दुखण्यामुळे असते. कामाचा नाहीच निघाला तर रोज भरपूर पळवतील, डोक्याला काम देतील असंच घर शोधा, नुसतं बांधून ठेवणारं नको. आणि बाकी भावंडांच्या मालकांना फोन करा. त्यांच्यातही हीच भीती दिसत असेल तर ती जोडी परत लावू नका, बाप कितीही चॅम्पियन असला तरी.