अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसची परवडणारी, मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी कशी निवडावी?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून असं दिसतं: न्यू जर्सीत राहता, ग्रीन कार्ड आहे, नाशिकला बी.ए.ची दोन वर्षं झाली आणि पुढचं राहून गेलं, दिवसभर नोकरी आहे आणि डोक्यावर कर्ज नको आहे. हे धरूनच लिहितो.

‘प्रति क्रेडिट अमुक डॉलर’ या आकड्यावरून कॉलेज निवडू नका. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, एक कोर्स साधारण ३ क्रेडिट्सचा. पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात. त्यातली किती तुम्हाला पूर्ण दराने विकत घ्यावी लागणार, यावर सगळा हिशोब ठरतो.

पण पैशांच्या आधी मान्यता. अमेरिकेचं शिक्षण खातं स्वतः कुठल्याच कॉलेजला मान्यता देत नाही. मान्यता देणाऱ्या संस्थांना ते मान्यता देतं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या भागातल्या कॉलेजांच्या बाबतीत बहुतेक वेळा मिडल स्टेट्स कमिशनचं नाव दिसेल. मध्य-पश्चिमेकडे हायर लर्निंग कमिशन, दक्षिणेकडे एसएसीएसओसी, याही मान्यता देणाऱ्याच संस्था. यांना ‘रीजनल’ म्हणायची पद्धत होती, बाकीच्यांना ‘नॅशनल’, आणि रीजनल मान्यता जास्त वजनाची धरत. २०२० मध्ये शिक्षण खात्याने रीजनल आणि नॅशनल हा भेद कागदोपत्री काढून टाकला, पण रजिस्ट्रारच्या (कॉलेजात क्रेडिट्सची नोंद ठेवणारा अधिकारी) आणि नोकरी देणाऱ्यांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. कॉलेजच्या वेबसाइटवरचं ‘फुली अक्रेडिटेड’ वाचून थांबू नका. शिक्षण खात्याच्या ‘डॅपिप’ (DAPIP) या मान्यताप्राप्त कॉलेजांच्या ऑनलाइन यादीत कॉलेजचं नाव स्वतः शोधा. मग मान्यता देणाऱ्या संस्थेच्या साइटवर जाऊन कॉलेजला वॉर्निंग किंवा प्रोबेशन (मान्यता धोक्यात असल्याचा इशारा) लागलंय का, तेही बघा.

एवढी कटकट का? वेस्टवुड कॉलेजचं उदाहरण घ्या. इलिनॉयच्या अॅटर्नी जनरलने २०१२ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. कारण क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांना पोलिसातल्या नोकरीची आशा दाखवली होती, आणि राज्य पोलिसांसह अनेक खाती त्या कॉलेजची मान्यता पुरेशी मानतच नव्हती. कॉलेज २०१६ मध्ये बंद पडलं. विद्यार्थ्यांची सरकारी कर्जं माफ व्हायला २०२२ उजाडलं.

एसीजेएस (अॅकॅडमी ऑफ क्रिमिनल जस्टिस सायन्सेस) नावाची संस्था क्रिमिनल जस्टिसच्या अभ्यासक्रमांना वेगळं प्रमाणपत्र देते. असलं तर चांगलं. नसलं म्हणून कॉलेज यादीतून काढायचं कारण नाही.

आता नोकरी. न्यू जर्सीत गावच्या किंवा शहराच्या पोलिसात भरती व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. एफबीआयलाही नागरिकत्व हवं, शिवाय नेमणूक ३६ वर्षांपर्यंतच. वयाच्या अटी इतर ठिकाणीही असतात, तेव्हा नागरिकत्वाचं वर्ष आणि तुमचं वय शेजारी शेजारी लिहून बघा. आणि नुसत्या पोलिसाच्या नोकरीला बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी लागतच नाही. न्यूयॉर्क शहर पोलिसांनी तर २०२५ मध्ये कॉलेज क्रेडिट्सची अट ६० वरून २४ वर आणली. प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा), केंद्रीय तपास संस्था, पुढे लॉ स्कूल, इथे पदवीचा खरा उपयोग. मनात गुन्ह्याच्या जागेवरचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा असेल तर हा विषयच चुकीचा आहे. तिथे रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र लागतं, आणि टीव्ही मालिका बघून या विषयाला येणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

आता हिशोब. पहिली ६० क्रेडिट्स आपल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजातून, ऑनलाइन करा. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट आहे: कुटुंबाचं समायोजित उत्पन्न (टॅक्स रिटर्नवरचं ‘एजीआय’) ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर इतर मदत वजा जाऊन उरलेली ट्यूशन फी ती भरते. त्याच्या वर १,००,००० पर्यंत थोडी थोडी मदत मिळते. अट अशी की सेमिस्टरला निदान ६ क्रेडिट्स घ्यायची आणि आधीची कॉलेज पदवी नको. तुमचं बी.ए. अर्धवट राहिलं ते इथे पथ्यावर पडतं.

इथे एक फसगत हमखास होते. क्रिमिनल जस्टिसची दोन वर्षांची पदवी काही कॉलेजांत दोन प्रकारची असते, ए.एस. (असोसिएट इन सायन्स) आणि ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स). नावात एका अक्षराचा फरक. ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. असेल तर राज्याच्या ट्रान्सफर करारानुसार न्यू जर्सीतल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात ती अख्खी वर्ग होते. ए.ए.एस. थेट नोकरीसाठी बेतलेली असते आणि या करारात बसत नाही. मग एकेका विषयासाठी रजिस्ट्रारशी घासाघीस करावी लागते. फॉर्मवर प्रोग्रॅमचं नाव नीट वाचून टिक करा.

नाशिकची दोन वर्षं वाया घालवू नका. पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा) मागवा आणि जमलं तर त्या वर्षांचा छापील सिलॅबसही. मग परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून ते तपासून घ्या; ती एनएसीईएस या अशा संस्थांच्या संघटनेची सदस्य असावी. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो हे आधी कॉलेजला विचारा, नाहीतर तेच पैसे दोनदा जातात. अहवाल ‘कोर्स-बाय-कोर्स’च, म्हणजे एकेका विषयाची क्रेडिट्स दाखवणारा घ्या. स्वस्तातला ‘डॉक्युमेंट’ अहवाल क्रेडिट वर्ग करायला कामाचा नाही. बहुतेक विषय जनरल एज्युकेशन (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) किंवा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून धरले जातील, मुख्य विषयात क्वचितच. तेही पुष्कळ झालं.

क्लेप (CLEP) परीक्षांनीही काही क्रेडिट्स सुटतात: कोर्स न करता फक्त परीक्षा पास होऊन क्रेडिट मिळतं. इंट्रोडक्टरी सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, अमेरिकन गव्हर्नमेंट हे तिन्ही विषय या पदवीत लागतात आणि प्रत्येकी सहसा ३ क्रेडिट्स देतात. मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. मात्र परीक्षा देण्याआधी कॉलेज किती क्लेप क्रेडिट्स घेतं ते बघा.

उरलेल्या ६० क्रेडिट्ससाठी तीन-चार कॉलेजं शेजारी ठेवा. ट्रेंटनचं थॉमस एडिसन स्टेट हे सरकारी विद्यापीठ नोकरदार प्रौढांसाठीच आहे आणि बाहेरची क्रेडिट्स सढळ हाताने घेतं. पेन स्टेट वर्ल्ड कॅम्पसचं नाव मोठं, पण कॅन्ससच्या फोर्ट हेज स्टेटच्या दुपटीहून जास्त दर. पोलीस किंवा प्रोबेशनच्या नोकरीसाठी मी तरी हा फरक भरणार नाही. प्रत्येकाला ईमेलमध्ये एवढंच विचारा: माझी किती क्रेडिट्स घेणार, तुमच्याकडे कमीत कमी किती करावी लागतील (३० ही नेहमीची अट), आणि टेक्नॉलॉजी फी, ऑनलाइन फी धरून पदवीपर्यंत एकूण किती. उत्तर लेखी घ्या. फोनवर गोड बोलणारे ‘एन्रोलमेंट अॅडव्हायझर’ विक्रीचं काम करतात.

फाफ्सा (FAFSA, सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भराच, ग्रीन कार्डवर चालतो. एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) वर चालत नाही. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या पेल ग्रँटची २०२५-२६ ची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि ती परत करायची नसते. फक्त नोकरीचं ओझं वाढलं म्हणून सेमिस्टर मध्येच पूर्ण सोडू नका. ६० टक्के कालावधी व्हायच्या आत सगळे कोर्स सोडले की मदतीचा न वापरलेला भाग सरकारकडे परत जातो आणि कॉलेज त्याचं बिल तुमच्या नावावर लावतं. ते थकलं की बऱ्याचदा पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशनच अडतं. पहिल्या सेमिस्टरला दोनच कोर्स घ्या. न्यू जर्सीच्या ग्रँटची ६ क्रेडिट्सची अट तेवढ्यात भागते.